उजेडासमोर न धरलेली काच

काचकाकांच्या हातात कोणतीही वस्तू दिली की ते आधी ती उजेडासमोर धरत. विड्याचे पान, पोस्टाचे पाकीट, सरबताचा पेला, त्यांच्या आईंनी चिरलेल्या कांद्याची पातळ चकती. एक डोळा मिटलेला, मान किंचित डावीकडे कललेली. आणि ते पाहत असेपर्यंत खोलीतले बोलणे आपोआप थांबे. पाहून झाले की वस्तू परत देत. काय दिसले ते क्वचितच सांगत. एका लग्नात त्यांनी नव्या नवरीच्या शालूचा पदर असाच खिडकीकडे धरला, तेव्हा तिची सासू घाबरून म्हणाली, "काय हो, भोक आहे का?"

"नाही," काका म्हणाले. "उभे धागे एकाचे आणि आडवे दुसऱ्याच कुणाचे वाटतात. पण छान नांदताहेत."

कलकत्त्यात बालीगंजमधल्या मराठी मुलांनी त्यांना हे नाव ठेवले ते केवळ या सवयीवरून नव्हे. त्यांच्या कोटाच्या खिशात बोटभर लांबीच्या काचपट्ट्या असत आणि चालताना त्या किणकिणत. काका जिना चढत आहेत हे पावलांच्या आधी त्या आवाजावरून कळे. ते एका मोठ्या रुग्णालयात पॅथॉलॉजिस्ट होते. शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचा कागदाहून पातळ काप काढायचा, काचेवर पसरून रंगवायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दुखणे कोणते ते सांगायचे, हे त्यांचे काम. रोग्याला ते भेटत नसत. "मला माणसं तुकड्यातुकड्यांनी भेटतात," ते म्हणत, "पण खोटं बोलत नाहीत."

विभागात विजेचे नवे सूक्ष्मदर्शक आले तरी काकांनी आपले जुने, आरशाचे, सोडले नाही. उत्तरेकडच्या खिडकीशी त्यांचे टेबल होते. खालचा गोल आरसा ते आकाशाकडे वळवत आणि तेवढ्या उजेडावर काम करत. लोडशेडिंगच्या दिवसांत दिवे गेले की बाकीचा विभाग पंख्याकडे बघत बसे. काका आकाशावर चालू असत. ढग सरकला की आरसा केसभर फिरवत. त्या नळीतून त्यांनी मला निरोगी यकृताचा काप दाखवला होता. फिकट गुलाबी पेशी एकीला एक लागलेल्या, प्रत्येकीत एक निळा ठिपका. दिवेलागणीला गच्चीवरून बालीगंज दिसे तसे ते होते: घराला घर चिकटलेले आणि प्रत्येक घरात एक दिवा. "तो दिवा म्हणजे पेशीचं मन," काका म्हणाले. "आपण कोण आहोत हे तिनं तिथं जपून ठेवलेलं असतं. कधी वाढायचं, कधी थांबायचं, सगळं."

त्यांचा एक नियम विभागातल्या प्रत्येकाला पाठ होता: आधी काच, मग नाव. तुकड्याबरोबर आलेल्या कागदावर रोग्याचे नाव, वय, लक्षणे लिहिलेली असत. काका तो कागद उपडा ठेवत. काच पाहून मत सांगून झाले की मगच तो उलटत. "नाव वाचलं की डोळा नावासारखं बघायला लागतो," ते म्हणत. बातमीलाही हाच नियम लावावा, असा सल्ला त्यांनी मला दिला होता.

साठचे दशक संपत असताना मी एस्प्लनेडजवळच्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक म्हणून आलो. एकट्या मराठी माणसाला शहरातल्या मराठी घरांतून जेवायचे बोलावणे येई, आणि काकांच्या घरचे एकदा आले की कायमचे असे. काकांनी लग्न केले नव्हते. घरात ते आणि आई. आजोबा शिक्षक म्हणून इकडे आलेले, त्यामुळे काका मोजायचे बंगालीत, रागवायचे इंग्रजीत आणि जेवायचे मराठीत. धाकटा भाऊ बाळू खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये होता. तो आणि त्याची बायको सुधा रविवारी दुपारी येत. बाळू काकांच्या अगदी उलट होता: मोठ्या आवाजाचा, हातात आलेली वस्तू उजेडासमोर न धरता सरळ खाऊन टाकणारा.

एकदा मला कावीळ झाली. उसाचा रस, पथ्य, विश्रांती, सगळे झाले. आणि आईंनी शेजारच्या बंगाली बाईंकडून काविळीची माळ आणवली. वनस्पतीच्या ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या फासांत अडकवलेले. ही माळ डोक्यावर ठेवायची. दिवसागणिक ती लांब होते, गळ्यात उतरते, पुढे पोटापर्यंत येते, आणि तिच्याबरोबर कावीळ उतरते, असा तिकडे पक्का समज. काकांनी वाद घातला नाही. त्यांनी तशीच दुसरी माळ आणवली आणि आईंनी सांडग्यांसाठी ठेवलेल्या कोहळ्याच्या माथ्यावर चढवली. बाळूने कोळशाने कोहळ्याला चष्मा काढला आणि त्याचे नाव 'बडोबाबू' ठेवले, कारण त्याच्या ऑफिसातल्या मोठ्या बाबूंचा चेहरा तसाच होता.

दोन्ही माळा बरोबरीने उतरल्या.

"अभिनंदन!" बाळू ओरडला. "बडोबाबूंची कावीळ उतरली."

"अरे, त्याला झालीच कुठं होती?" आई म्हणाल्या.

"ते माळेला कुठं माहीत होतं?" काका म्हणाले. काड्या वाळल्या की बारीक होतात, फास सैल पडतात, माळ लांबते. एवढेच आहे, असे त्यांनी सांगितले.

आईंना ते लागले. "बाळू लहान असताना त्याची माळ पार पायांपर्यंत आली होती. मी गल्लीभर संदेश मिठाई वाटली होती. ते सगळं खोटं का?"

"संदेश खरे होते, आई. रंग उतरला तोही खरा. पाहुणा गेला की नाही, ते मात्र माळेला कळत नाही."

आई उठून स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने काकाही आत गेले आणि भूक नसताना दुसऱ्यांदा भात वाढून घेतला. त्या घरात माफी अशीच मागितली जाई.

पाहुणा म्हणजे रक्तावाटे पसरणाऱ्या काविळीचा विषाणू. त्याची खूण रक्तात ओळखता येऊ लागली होती. ती प्रथम एका ऑस्ट्रेलियन माणसाच्या रक्तात दिसली म्हणून तिला ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणत. काचेवर पातळ जेलीचा थर, त्यात दोन खळगे. एकात तपासायचे रक्तद्रव, दुसऱ्यात ती खूण पकडणारा द्रव. खूण असेल तर दोन खळग्यांच्या मध्ये धुक्यासारखी पांढरी रेघ उमटे. ती पाहायला काच उजेडासमोर धरावी लागे. काकांसाठीच कुणी ही तपासणी शोधली असावी, असे विभागात म्हणत.

मग सत्तरच्या दशकाच्या मध्यावर काकांकडे नवा रंग आला. त्या रविवारी आई गोडा मसाला भाजत होत्या. काकांनी ताटातली दगडफुलाची चिमूट उचलली आणि खिडकीकडे धरली. "आई, ह्याचे चुलतभाऊ माझ्याकडे कामाला लागलेत," ते म्हणाले. ऑर्सीन हा रंग दगडफुलाच्याच जातकुळीतून निघतो. विषाणूने भरलेली यकृताची पेशी या रंगाने गडद तपकिरी होते. बाहेरून धडधाकट असलेल्या, कावीळ कधीच विसरलेल्या माणसाच्या यकृतातही अशा तपकिरी पेशी सापडत होत्या. आईंनी चिमूट परत घेतली आणि कढईत टाकली. "माझ्याकडचा कामाला लागला की निदान वास तरी येतो," त्या म्हणाल्या.

पुढचा प्रसंग मी पाहिलेला नाही. काकांची कनिष्ठ सहकारी छंदा हिने तो मला सांगितला, आणि ती वाढवून सांगणाऱ्यांपैकी नव्हती. हिवाळ्यातली स्वच्छ सकाळ होती. यकृताच्या सुईने काढलेल्या तुकड्याची काच काकांनी आरशावर घेतली आणि बराच वेळ पाहत राहिले. "छंदा, ये. सुंदर आहे," ते बंगालीत म्हणाले. कापाच्या एका अंगाला तपकिरी पेशींची वस्ती होती. दुसऱ्या अंगाला कर्करोग होता: पेशी एकमेकींवर चढलेल्या, निळे ठिपके मोठे, वाकडेतिकडे. काकांनी ती सीमारेषा तिला दाखवली. नियमाप्रमाणे मत सांगितले. मग कागद उलटला.

कागदावर बाळूचे नाव होते. तो गोदीवर जास्तीचे काम आहे असे सांगून परस्पर रुग्णालयात येऊन गेला होता. दादाला आणि आईला उगाच घोर नको म्हणून.

काकांनी कागद पुन्हा उपडा ठेवला, काच जागेवर लावली आणि पुढची काच मागितली. तिचेही मत त्यांनी बरोबर सांगितले, असे छंदा म्हणाली.

संध्याकाळी ते खिदिरपूरला गेले. बाळूने दार उघडले, भावाकडे पाहिले आणि त्याला कळले. "कळलं वाटतं," तो म्हणाला. "बस. सुधा, चहा टाक." नंतर दोघा भावांचे आणि सुधावहिनींचे रक्त तपासले गेले. सुधावहिनींच्या काचेवर काही उमटले नाही. बाळूच्या काचेवर रेघ होती. काकांच्याही होती.

"ऑस्ट्रेलियाचा माल!" बाळू म्हणाला. "आयुष्यभर गोदीवर उभा राहून पेट्या फोडल्या, आणि हा ड्यूटी न भरता माझ्याच पोटात उतरला. आणि दादा, तुझ्यातसुद्धा?"

"माझा अजून गोदामात पडून आहे," काका म्हणाले. "तुझा बाजारात आला."

दोघे हसले. सुधावहिनी हसल्या नाहीत.

बाळूच्या यकृताने काकांपुढे एक प्रश्न ठेवला होता, आणि त्या महिन्यांत ते त्याच्याशिवाय दुसरे बोलत नसत. तपकिरी रंग शेजारच्या पेशींत होता. ज्या बिघडल्या त्यांच्यात नव्हता. मग विषाणू त्यांना बिघडवून निघून गेला? की रंग पोचणार नाही इतका आत गेला? "कलकत्त्यात भाडेकरू जात नाही," काका म्हणत. "पाटी काढतो, भाडं थांबवतो, पण जात नाही. हा तर मला वाटतं आपली वीट घराच्या भिंतीतच बसवतो. मग भिंत कुठली आणि वीट कुठली? शिवाय रोजची पडझड. पेशी मरतात, यकृत नव्या बांधतं. वर्षानुवर्षं घाईघाईनं बांधत राहिलं की गवंडी चुकतोच. एकेका चुकीनं घर पडत नाही. पण त्या साठत जातात, आणि एक दिवस पेशी थांबायचं विसरते."

"पण सर, याला पुरावा नाही," छंदा म्हणे.

"म्हणून तर कुठं लिहिलं नाही." आणि माझ्याकडे वळून: "तूही छापू नकोस."

आईंचा प्रश्न वेगळा होता. हा पाहुणा गेला कुठे, हे त्यांना नको होते. तो आला कुठून, हे हवे होते. दोन मुलगे, दोघांनाही एकच दुखणे. एका रविवारी बाळू आतल्या खोलीत झोपला होता. खिदिरपूरच्या बाजूने जहाजाचा भोंगा अगदी बारीक ऐकू येत होता. आई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या काकांना म्हणाल्या, "दत्तू, मी तेव्हा माळ लवकर काढली का रे?"

"नाही, आई. माळ अगदी वेळेवर उतरली होती."

मी काकांकडे पाहिले. बडोबाबूंच्या डोक्यावर माळ चढवणारा हाच माणूस होता.

"मग?"

"सुई, आई. आमच्या लहानपणी तो कंपाउंडर यायचा ना, टोचायला? एकाच सुईनं सगळ्या गल्लीला टोचायचा. तिथूनच आलं असणार."

आईंनी एक खडा काढून बाजूला ठेवला. "मेला तो," त्या म्हणाल्या. "दर खेपेला मी त्याला लाडू द्यायची." त्या दिवसापासून त्या कंपाउंडरला शिव्या देऊ लागल्या, आणि त्यांना झोप लागू लागली, असे सुधावहिनी सांगत.

सुई हे कारण असू शकत होते. पण काकांना दुसरे कारणही माहीत होते: हा विषाणू जन्माच्या वेळी आईकडून मुलाला जातो, आणि असा आला की बहुधा जन्मभर राहतो. बाळूची लहानपणची कावीळ तो आला तेव्हाची होती, की आधीच घरात असलेल्याने दिलेली पहिली हाक, हे कुणालाच सांगता येत नव्हते. छंदालाही हे माहीत होते. आईंचे रक्त साखरेच्या तपासणीसाठी विभागात आले तेव्हा तिने त्यातले थोडे जेलीवर घातले. रेघ आली तर विषाणू यकृतात जन्मापासूनच राहत होता असा अंदाज बांधता येणार होता, आणि काकांच्या प्रश्नाला त्या अंदाजाची गरज होती. सकाळी तिने काच काकांच्या टेबलावर ठेवली. "सर, माशीमांची," ती म्हणाली. आईंना ती बंगाली रीतीने माशीमा, म्हणजे मावशी, म्हणे.

काचेवर नावाची चिठ्ठी होती. काच पाहायच्या आधी नाव कळण्याची काकांच्या कामातली ही पहिलीच वेळ असावी. त्यांनी ती उचलली. छंदा म्हणते, त्यांचा हात सवयीने खिडकीकडे निघाला आणि अर्ध्यावर थांबला. काच त्यांनी आडवी, टेबलाला समांतर धरली, तशीच ती मोरीपर्यंत नेली आणि जंतुनाशकाच्या तसराळ्यात बुडवली.

"सर, मीही पाहिलेली नाही," छंदा म्हणाली.

"बरं केलंस."

"पण आपल्याला कळलं असतं."

"रेघ आली असती तरी सिद्ध काही झालं नसतं. आई मात्र सिद्ध धरेल. आणि ती मला विचारेल, छंदा. तिला माझा चेहरा वाचता येतो."

बाळू पावसाळ्याआधी गेला. शेवटच्या दिवसांत तो फार पिवळा झाला होता. उशाशी आईंनी माळ ठेवली होती, आणि काकांनी ती रोज सकाळी स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यावर ठेवली. "दादा, बडोबाबूंचं काय झालं रे?" बाळूने विचारले. "सांडगे," काका म्हणाले. पुढे दोन पावसाळ्यांनी आई झोपेत गेल्या, कंपाउंडरला क्षमा न करता. तेराव्याला पाने वाढली जात असताना काका माझ्या शेजारी येऊन बसले. "आता पाहता आलं असतं," ते म्हणाले. "पण आता विचारणारं कोण आहे?"

सत्तरचे दशक सरले त्या हिवाळ्यात माझ्या टेबलावर वृत्तसंस्थेची एक बातमी आली. यकृताच्या कर्करोगाच्या पेशींत, त्यांच्या स्वतःच्या जनुकीय धाग्यातच, काविळीच्या विषाणूचे तुकडे विणले गेलेले सापडले होते. जागेअभावी ती आतल्या पानावर चार ओळींत गेली. सकाळी मी अंक घेऊन बालीगंजला गेलो. काका तेव्हा अंथरुणाला खिळले होते. गोदामातला माल बाजारात आला होता, आणि ते त्यांना माझ्याआधी ठाऊक होते.

त्यांनी चार ओळी वाचल्या. मग पान खिडकीसमोर धरले. मागच्या बाजूला खिदिरपुरात लागलेल्या जहाजांची यादी होती. धुक्यातल्या उजेडात तिची उलटी अक्षरे पुढच्या अक्षरांत उतरली. "बघ," काका म्हणाले, "आता सांग, कुठलं अक्षर ह्या बाजूचं आणि कुठलं त्या?" त्यांचा हात थकेपर्यंत ते पाहत होते. "म्हणजे गेला नव्हता," ते म्हणाले. एवढे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मी बाळू गेल्यापासून पाहिले नव्हते.

उन्हाळा लागायच्या आत ते गेले. त्यांच्या काचा छंदाकडे आल्या. लाकडी पेटीत, ओळीने. एक दुपार आम्ही त्या लावत बसलो. बाळूच्या तुकड्याची काच मिळाली. तिच्या मागे एक रुंद काच होती, घासून धुतलेली, जेलीचा कणही नसलेली. कडेला काकांच्या अक्षरात एकच शब्द चिकटवला होता. छंदाने ती माझ्यापुढे केली.

"आई," मी वाचले.

मग आम्ही दोघांनी, न ठरवता, ती काच खिडकीकडे धरली. पलीकडे उत्तरेचे आकाश होते, आणि काचेत कुठेही रेघ नव्हती.